पोळ्याचं दावं

"सखेऽ, गाठ दाखव."

दिवस कलला, गुरं रानातून परतली, धुळीचा लोट गावावर उतरला की गोठ्याच्या तोंडाशी हा आवाज यायचा. पार्वतीबाईचा, सखूच्या सासूचा. जात्याच्या पाळीसारखा खरबरीत आवाज, पण त्यातून जे पडायचं ते पिठासारखं मऊ. नवी नवरी सखू गाईला खुंट्याशी बांधून बाजूला उभी राहायची. सासू वाकायची, दाव्याचं मोकळं टोक दोन बोटांत धरायची आणि एक हिसका द्यायची. गाठ सुटली तर नुसतं "बरं" म्हणायची. नाही सुटली तर सखूकडं बघायची, आणि ते बघणं माराहून वाईट.

"मुक्या जिवाला निरगाठ मारू न्हाई, पोरी. आपल्याला हात हायेत, तिला कुठं हायेत? सुरगाठ मार. एका हिसक्याला सुटंल अशी."

पहाटे जात्यावर बसली की तेच गाण्यात यायचं.

गाईच्या दाव्याला बाई, गाठ घालिते सुराची
पानी दारात आलं तर, वाट धरू दे दुराची

त्या गोष्टीला बेचाळीस वर्षं झाली. पार्वतीबाई गेली, जातं अंगणात पालथं पडून पाय धुवायचा दगड झालं, पण आवाज मागं राहिला. रोज दिवेलागणीला तो सखुबाईच्या कानाशी यायचा आणि ती गाईच्या पाठीवर हात फिरवून म्हणायची, "दाखवली गं बाई, दाखवली."

भाद्रपदापासून मात्र तो आवाज आला की सखुबाई उठून दुसऱ्याच कामाला लागायची. आता दाखवायला गायच नव्हती.

कार्तिकातल्या एका सकाळी ती डोंगरकडा गावात मुन्नाच्या सेवा केंद्रात रांगेत उभी होती. मुन्ना दोन लेकरांचा बाप. गालात सुपारी, समोर कॉम्प्युटर आणि बाजूला अंगठा घ्यायचं काडेपेटीएवढं यंत्र. पुरानं कुणाचं सोयाबीन नेलं होतं, कुणाची हळद कुजवली होती, कुणाची गुरं गिळली होती. सरकारची यादी लागली होती. यादीत नाव असलेल्यानं इथं येऊन अंगठा द्यायचा, मग मदत खात्यात. खुरप्यानं झिजलेले अंगठे यंत्राला ओळखू येत नव्हते. बाया अंगठा केसांवर घासत, पदराला पुसत, पुन्हा ठेवत.

"या आजी, तुमचा नंबर. ठेवा अंगठा."

"आधी वाच, काय लिवलंय ते."

मुन्नानं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "सखुबाई भ्रतार उकंडराव. मयत दुधाळ जनावर, गाय, एक. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, शेवटी सात-चार-दोन. शवविच्छेदन झालेलं हाय. साडेसदतीस हजार मंजूर. ठेवा."

"शव... काय?"

"डाक्टरनं कापून पाहिलं, आजी. मेलेलं जनावर उघडून पाहतेत, कशानं मेलं ते लिवतेत, बिल्ल्याचा फोटो काढतेत. मग फाईल पुढं."

सखुबाईचा अंगठा यंत्राच्या वर चार बोटांवर थांबला.

"माझी गाय तर वाहून गेली."

"बरं."

"बरं काय, बरं? वाहून गेलेल्या गाईला डाक्टरनं कापलं कुठं? समुद्रात जाऊन?"

रांगेत हसू फुटलं. मागून मिराबाई म्हणाली, "आवं सखुबाई, सरकार कधी न्हाई ते देऊन राहिलंय, अन् तुमी त्याचीच उलटतपासणी घेऊन राहिल्या! ठेवा अंगठा अन् सरका. माझी गाडी चुकंल."

सखुबाईनं अंगठा मुठीत मिटला, मूठ पदराखाली घेतली आणि रांगेतून बाहेर पडली.

डोक्यात दोन महिन्यांपासून संशयाची एक भिंत चढत होती, आज तिच्यावर छप्पर चढलं होतं. जास्वंदी मेलीच नव्हती. बालाजीनं ती विकली होती.

बालाजी तिच्या दिराचा मुलगा. सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली, आणि तेव्हापासून तो सखुबाईच्या तव्यावरची पहिली भाकर खात मोठा झाला. सखुबाईचा नवरा उकंडराव नऊ वर्षांपूर्वी गेला, लेक प्रतिक्षा वसमतला दिली. आता एका अंगणात दोन दारं समोरासमोर होती. एका दारात सखुबाई, दुसऱ्या दारात बालाजी आणि त्याची बायको कोमल. मध्ये सामाईक गोठा. सखुबाईची जास्वंदी आणि तिची वासरी, बालाजीची म्हैस आणि शेळ्या. जास्वंदी लाल कंधारी जातीची, फुलाच्या रंगाची. डाव्या शिंगाला खाच. ऊन पडलं की तिच्या अंगावरून लाल उजेड भिंतीवर पडतो असं सखुबाईला वाटायचं.

संशयाला सुरुवात बैलांपासून झाली. गेल्या साली बालाजीनं बैलजोडी विकली, ती तिला न सांगता. सकाळी घुंगरं वाजली नाहीत तेव्हा तिला कळलं. "सांगितलं असतं तर तू इकू दिली असती का, काकी?" असं म्हणून तो हसला होता. मग चार-सहा महिन्यांनी, "काकी, गाय बी काढून टाक. कडबा कुठून आणायचा? तुझे गुडघे बघ." आणि ऐन पोळ्याच्या आठवड्यात एक पांढऱ्या टोपीचा माणूस मोटारसायकलवर आला, गोठ्यात शिरला आणि त्यानं जास्वंदीचा जबडा उघडून दात पाहिले. सखुबाईनं हे चुलीपाशी बसून दारातून पाहिलं.

"कोन व्हता रं?"

"म्हशीसाठी आला व्हता."

म्हशीसाठी आलेला माणूस गाईचे दात कशाला मोजतो? हे तिनं विचारलं नाही. गिळलं. गिळलेलं पोटात गप्प बसत नाही.

पोळा झाला आणि तिसऱ्या दिवशी वसमतहून फोन आला, प्रतिक्षाला दवाखान्यात नेलंय, आई, निघ. जाणं भाग होतं. पोळ्याला गुरांना नवी दावी लागतात. उकंडराव होता तोवर अंबाडीची दोरी मांडीवर वळायचा. आता जवळा बाजार गावातून नायलॉनची लाल दोरी आणायची. त्या नव्या लाल दाव्यानं सखुबाईनं जास्वंदीला खुंट्याशी बांधलं. सुरगाठ मारायला टोक दुमडलं, आणि पांढरी टोपी डोळ्यांसमोर आली. तिनं टोक सरळ केलं. निरगाठ मारली. तिच्यावर दुसरी मारली, दातांनी ओढून आवळली. तेवढ्यानंही मन भरेना, म्हणून हिरव्या लुगड्याच्या काठाचा एक दोरा उसवून गाठीच्या पोटात गुंडाळला. आता कुणी ही गाठ सोडली तर पुन्हा अशी घालता येणार नव्हती. परत आल्यावर एका नजरेत कळणार होतं.

"सखेऽ..." असं कानाशी आलं, पण गाडीची वेळ झाली होती.

जाताना ती बालाजीला म्हणाली, "जास्वंदीचा खूर दुखून राहिलाय. सोडू नको. जागेवरच वैरण-पाणी कर." खुराला काही झालं नव्हतं. गाठीचं तिनं कुणाला सांगितलं नाही. लेकीलाही नाही.

तिसऱ्या पहाटे ओढा फुगला आणि गावात शिरला. वसमतला फोन आला, "काकी, गाय गेली. वाहून गेली." पूल पाण्याखाली होता. रस्ता मोकळा व्हायला आठवडा गेला. ती आली तेव्हा गोठ्याचा पत्रा पडला होता, जमीन धुऊन सारवली होती, खुंटा जागेवर होता आणि खुंट्याला दावं नव्हतं. बालाजीच्या डाव्या हाताला जाड फडकं गुंडाळलेलं होतं.

"पत्रा लागला," तो म्हणाला.

त्याच्या चार शेळ्या गेल्या होत्या. म्हैस वाचली होती. आणि जास्वंदीची वासरी, जुन्या अंबाडीच्या दाव्याला बांधलेली, तीही वाचली होती. चिखलानं माखलेली, आईला शोधत अंगणभर फिरत होती.

पाणी एवढ्याशा वासरीला सोडतं आणि गाईला नेतं? गाईनं हिसडा देऊन दावं तोडलं असेल, तर अर्धं दावं खुंट्याला नको? सखुबाई रोज सकाळी त्या खुंट्याकडं बघायची आणि रोज तिचं गणित तिथंच यायचं. गाठ कुणीतरी सोडली होती. निवांतपणे, पूर यायच्या आधी. हात कापला तो पत्र्यानं नाही, गाईच्या कानातला बिल्ला काढताना. बिल्ला दाखवून कागदावर गाय मारायची, जिवंत गाय पांढऱ्या टोपीला द्यायची, आणि मदत म्हातारीच्या नावावर आणून तिच्या तोंडाला मुसकं बांधायचं. तिच्या पासबुकाची झेरॉक्स तरी कुणी दिली होती? त्यानंच.

संध्याकाळी बालाजी अंगणात आला. पालथ्या जात्यावर पाय धुता धुता म्हणाला, "काकी, दिला का अंगठा?"

"न्हाई."

"काहून?"

"यंत्र बंद व्हतं."

"मुन्ना तर म्हनला तू रांगेतून माघारी फिरली."

"माहीत हाय तर मला काहून इचारून राहिला?"

बालाजीनं ओला पाय पुसला. मग हळू म्हणाला, "पैसे येऊ दे, काकी. दुसरी आणू. मी हिंडून आणतो, लालच आणतो."

"दुसरी कशाला? पहिलीच आण की हिंडून."

समोरच्या दारात कोमलच्या हातून ताट पडलं. खणखणत उंबऱ्यापर्यंत आलं. तिनं ते उचलताना नवऱ्याकडं एकदा पाहिलं, आणि ते पाहणं सखुबाईनं टिपून ठेवलं.

"कागदावर लिवलंय, डाक्टरनं कापून पाहिली. वाहून गेलेली गाय कापली कुठं रं, बाळू?"

लहानपणचं नाव ऐकून तो दचकला. बोटं चाळवू लागला. जखम भरली होती, पण डाव्या हाताची दोन बोटं अजून वळत नव्हती.

"सापडली व्हती मग. खाली, ओढ्याच्या वळणाला."

"मला न्हाई सांगितलं."

"सांगून काय व्हनार व्हतं?"

"आधी वाहून गेली, मग सापडली. उद्या काय सांगशील? मोटारसायकलवर बसून गेली?"

तो उठला. जाताना वासरीच्या गळ्याखाली खाजवून गेला. चोर असून किती मायेनं वागतो, असं सखुबाईच्या मनात आलं आणि तिला आपल्याच मनाची शिसारी आली. पण संशय शिसारीला भीक घालत नाही.

मंगळवारी ती बस बदलून जवळा बाजारला गेली. गुरांच्या तळावर उन्हात उभी राहून एकेक लाल पाठ न्याहाळत हिंडली. एका झाडाखाली एक लाल गाय तिच्याकडं पाठ करून उभी होती. सखुबाईनं हाक मारली, "जास्वंदेऽ!" गाईनं मान वळवली. दोन्ही शिंगं कोरी होती, खाच नव्हती. तिनं उगाच मान वळवली होती, जशी कुणीही वळवतं.

"कुनाला हुडकून राहिल्या, माय?"

तांड्यावरचा धर्मसिंग होता. सत्तरीचा, कानात वाळ्या, बगलेत काठी. त्याच्या आज्याच्या काळी तांड्याचे बैल मिठाची ओझी घेऊन मुलूख पालथा घालायचे. आता धर्मसिंगची दोन एकर हळद होती, पण बाजाराच्या दिवशी तो तळावर असायचाच. गुरांच्या सौद्यात लोक त्याचा शब्द घेत.

तिनं खाच सांगितली, रंग सांगितला, बिल्ला सांगितला.

"न्हाई आली. मानसाचं नाव इसरतो मी, जनावराचं तोंड न्हाई. पांढरी टोपी म्हंजी रणजीत व्यापारी. तो बराबर म्हशीच घेतो, गाय घेत न्हाई."

"मग दात काहून पाहिले?"

धर्मसिंग हसला. "आवं, मोबाईल दिसला की पोरं काहून बोट लावतेत? जनावर दिसलं की व्यापाऱ्याचा हात तोंडात जातोच." मग त्यानं काठी जमिनीत रोवली. "पन इथं न्हाई आली म्हंजी इकलीच न्हाई असं बी न्हाई. एक सांगा, दावं कुठं हाय?"

"दावंच तर न्हाई."

"मग दावं हुडका. जनावर इकलं तरी घरचं दावं कोनी सोबत देत नसतं. लक्ष्मी जाती त्याच्यासंगं. इकनारा दावं काढून घेतो, दुसऱ्या दोरीवर जनावर देतो. चोरानं बी इकलं असंल तर दावं घरात असंल. हात धजत न्हाई टाकायला."

येताना बसमध्ये तिला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी बालाजी रानात आणि कोमल पाण्याला गेली तेव्हा ती समोरच्या दारातून आत शिरली. ज्या घरात तिनं हजारदा पीठ-मीठ नेलं-आणलं, तिथं आज चोरपावलानं. माळ्यावर कांद्याच्या टोपल्या, जुनं वखर, खताची रिकामी पोती. एका पोत्याच्या तोंडातून दोरीचं टोक लोंबत होतं. बोटभर. लाल.

"काय पाहून राहिल्या, काकी?" दारात कोमल उभी. डोक्यावर घागर.

"सुपली."

"सुपली खाली हाय. चुलीपाशी." कोमलचा आवाज कोरडा पडला होता. तिनं घागर उतरवलीही नाही. सखुबाई तिच्या बाजूनं निघून गेली, सुपली न घेता.

शुक्रवारी तलाठी मॅडम गावात आल्या. मदतीची अडलेली नावं निकाली काढायला ग्रामपंचायतीत बसल्या होत्या. तरुण बाई, चष्मा, टेबलावर कागदांचा गठ्ठा आणि त्यावर उडू नये म्हणून ठेवलेला दगड. दारात, खिडकीत माणसं. सखुबाईचं नाव आलं.

"आजी, तुमचा अंगठा का राहिलाय? यंत्राला येत नसेल तर दुसरी सोय आहे."

"अंगठा येतो. मी देत न्हाई." तिनं पदर खोचला. "माझी गाय मेली न्हाई, मॅडम. ती इकली. ह्या बालाजीनं. कागद खोटा हाय."

बालाजी भिंतीला टेकून उभा होता. तो हलला नाही.

मॅडमनी चष्मा वर केला. "नीट बोला आजी. तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"आधी म्हनला वाहून गेली. मग म्हनला ओढ्याच्या वळणाला सापडली."

मॅडमनी कागद उलटले. कपाळाला आठी पडली. "पंचनाम्यात तर लिहिलंय, 'गाय गोठ्यातच मृत आढळली'."

"ऐकलं का? आता तिसरं ऐका!" सखुबाई दारातल्या माणसांकडं वळली. मिराबाईनं पदर तोंडाला लावला. कुणीतरी म्हणालं, "बालाजी, बोल की रं लेका."

"आजी," मॅडम सावकाश म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते मी लिहून घेतलं तर चौकशी लागेल. पंच म्हणून बालाजीची सही आहे. त्याच्या शेळ्यांची मदत थांबेल. प्रकरण पोलिसांत जाईल. विचार करून सांगा."

"इचार करून दोन महिने झाले."

"बालाजी, तुमचं काय म्हणणं आहे?"

बालाजीनं मान वर केली. काकीकडं पाहिलं नाही. टेबलावरच्या दगडाकडं पाहिलं.

"काकी म्हनती ते लिवा, मॅडम."

सखुबाईला वाटलं होतं तो ओरडेल, शपथा घेईल, नाव ठेवेल. या सगळ्याला तिच्याजवळ उत्तर तयार होतं. चोरी पकडली की चोराचा चेहरा पडतो म्हणतात. याचा तर ओझं उतरवल्यासारखा झाला होता. तरी ती पुढं बोलली.

"नुसतं लिवू नका. पुरावा हाय. माझ्या गाईचं पोळ्याचं दावं ह्याच्या माळ्यावर, पोत्यात हाय. आणायला सांगा."

तेव्हा बालाजी पहिल्यांदा ओरडला. "दावं न्हाई!" सगळे चमकले. त्याचा आवाज लगेच खाली आला, विनवणीसारखा झाला. "काकी, चोर म्हन मला. इकली म्हन. दावं ऱ्हाऊ दे."

"पाहिलं, मॅडम?"

कोमल दाराशी बायांच्या मागं उभी होती. ती काही न बोलता वळली आणि घराकडं निघाली. "कोमल!" बालाजीनं हाक मारली. ती थांबली नाही. घर लांब नव्हतं. ती परत येईपर्यंत मॅडमचं पेन कागदावर टकटक करत राहिलं.

कोमलच्या हातात खताचं पोतं होतं. बालाजी आडवा आला. त्यानं डाव्या हातानं पोतं धरलं, पण न वळणाऱ्या बोटांतून ते निसटलं. कोमलनं पोतं टेबलावर उपडं केलं.

दोरीचा तुकडा पडला. हातभर. दोन्ही टोकं विळ्यानं चावून तोडल्यासारखी, धागे पिंजलेली. एका टोकाला काळपट डाग. आणि मध्ये, लिंबाएवढी, घट्ट, दातांचे वळ असलेली गाठ. गाठीच्या पोटात हिरवा दोरा.

गाठ कुणी सोडली नव्हती. गाठ तशीच होती, जशी सखुबाईनं मारली होती.

"इकायला दावं काढून घेतलं असतं, काकी, तर गाठ सोडली असती ना?" कोमल गाठीकडं बोट करून म्हणाली. "पहाटं पानी कमरंला आलं. ह्यांनी शेळ्या तशाच ठेवल्या अन् आधी तुमच्या गाईकडं गेले. वासरी एका हिसक्याला सुटली. गाय सुटंना. गाठ पान्याखाली, वली होऊन दगड झालेली. बुडी मारून नखानं उकलून राहिले, दातानं धरून राहिले. मी विळा दिला, तर गाय हिसडे देऊन राहिली, विळा हातातच बसला. शेळ्या वरडून वरडून गप झाल्या. मग गाय बी गप झाली."

"कोमल, बास."

"बास कसं? पानी उतरल्यावर डाक्टर आले, गाय खुंट्यालाच व्हती. ह्यांनी दावं तोडलं, गाठीतला दोरा पाहिला अन् मला गळ्याची शपथ घातली. म्हनले, काकीला वाहून गेली म्हनून सांगू. काकीनं ही गाठ पाहिली तर..."

बाहेर कुठंतरी वासरी हंबरली. जास्वंदीचीच असावी, कोमल अंगणाचं दार उघडं टाकून आली होती.

मॅडमना हिरव्या दोऱ्याचं काही कळलं नव्हतं. त्यांनी दोरीचा तुकडा पेनच्या टोकानं फिरवला. "इतकी घट्ट गाठ? गुरांना अशी बांधतात का? कुणी बांधली होती ही?"

"मीच बांधली व्हती, मॅडम," बालाजी पटकन म्हणाला. "चुकून आवळली गेली. तसं लिवा."

मॅडमनी पेन उचललं.

सखुबाई टेबलापाशी आली. गाठीला हात लावायचा तिला धीर झाला नाही. दोन बोटं तिच्यावर धरली आणि तशीच ठेवली. दिवस अजून कलला नव्हता, गुरं रानातच होती, तरी तो आवाज आला. खरबरीत, जवळ, गोठ्याच्या तोंडाशी असल्यासारखा. सखेऽ, गाठ दाखव. या वेळी ती दुसऱ्या कामाला लागली नाही.

"नका लिवू त्याचं, मॅडम," ती म्हणाली. "माझं लिवा. ही गाठ माझी हाय. हा दोरा माझ्या लुगड्याच्या काठाचा. बालाजी माझी गाय चोरून इकंल, असं माझ्या मनात आलं व्हतं, म्हनून मी तिला निरगाठ मारली."